कारखान्यातला एचआर मॅनेजर: काम, शिक्षण आणि वाटचालीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जून-जुलैमध्ये निकाल लागले की मला फोन येऊ लागतात. कुणाचा भाचा एमबीए झालेला असतो, कुणाची मुलगी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करत असते, तर कुणी आठ वर्षं टाईम ऑफिसमध्ये (हजेरी आणि पगार पाहणाऱ्या विभागात) काढून पुढची वाट शोधत असतो. मी वाळूजच्या एका कारखान्यात टाईम ऑफिसातून सुरुवात केली आणि पुढे चाकण पट्ट्यात एचआर मॅनेजर झाले. त्यामुळे इथली उत्तरं मुख्यतः कारखान्यातल्या एचआरबद्दल आहेत. आयटीतलं काम थोडं निराळं आहे, त्यावर शेवटाकडे लिहिलं आहे.

एचआर मॅनेजर दिवसभर नक्की करतो काय? मुलाखती घेतो एवढंच ना?

मुलाखती हा कामाचा लहानसा तुकडा आहे. पहिली पाळी सुरू होताना गेटवर उभं राहिलं की पुढच्या आठ तासांचा अंदाज येतो: कुठली बस उशिरा आली, ठेकेदाराची माणसं किती कमी आहेत, कोण कुणाशी बोलत नाही. मग हजेरी. प्रॉडक्शनवाल्यांना लाईनवर माणसं पुरी हवी असतात आणि जूनमध्ये पाऊस पडला की निम्मा मराठवाडा पेरणीला गावी गेलेला असतो. सोयाबीन काढणीला पुन्हा तेच. चैत्र-वैशाखात आजूबाजूच्या गावांच्या यात्रा. हे कॅलेंडर कुठल्याही पुस्तकात नाही, पण ज्या एचआरला ते पाठ नाही त्याचं मनुष्यबळाचं नियोजन दर महिन्याला कोसळतं.

नंतर दिवसभरात पगारातल्या कपातीची तक्रार, कँटीनच्या डाळीची तक्रार, दोन ऑपरेटरांचं भांडण, नवीन अप्रेंटिसची कागदपत्रं, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून आलेलं पत्र, एखाद्या अपघाताचा अहवाल, सुपरवायझरांचं प्रशिक्षण आणि वरिष्ठांसोबत पुढच्या वर्षाचं बजेट. संध्याकाळी दुसऱ्या पाळीत पुन्हा एक फेरी. जो एचआर मॅनेजर दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत कधीच दिसत नाही, त्याला अर्धीच कंपनी माहीत असते.

जुने लोक लेबर ऑफिसर, पर्सनल मॅनेजर म्हणतात. ते आणि एचआर एकच का?

मूळ एक, पण मधे बराच प्रवास आहे आणि तो या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये माणसं भरणं, कामावर ठेवणं, काढणं हे सगळं मुकादमाच्या हातात असे. नोकरी मिळवायला आणि टिकवायला त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. गिरणीचा मालक आणि कामगार यांच्यामध्ये हाच एक माणूस. त्या काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि त्यांच्या पाठपुराव्यातून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९३१ मध्ये कामगारविषयक व्हिटली आयोगाने मुकादमाकरवी होणारी भरती बंद करून लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. म्हणजे आपल्या पदाचा जन्म दस्तुरी थांबवण्यासाठी झाला. एखाद्या एचआरने भरतीत पैसे खाल्ल्याचं ऐकलं की मला म्हणूनच जास्त चीड येते.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कामगार कल्याण अधिकारी, बंधनकारक केला. मग पर्सनल मॅनेजर आला, युनियनची बोलणी सांभाळणारा आयआर मॅनेजर आला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र रचना सुचवली आणि प्रशिक्षण, मूल्यमापन, बढती हे विषय हजेरीपत्रकाच्या शेजारी येऊन बसले. आजच्या एचआर मॅनेजरच्या खुर्चीत हे सगळे जण एकत्र बसलेले आहेत.

कोणतं शिक्षण घेऊ? एमबीए, एमएसडब्ल्यू, एमपीएम की लॉ?

तुम्हाला कुठे काम करायचंय त्यावर ठरवा.

कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागायचं तर सरकारमान्य पात्रता लागते. साधी एचआरमधली एमबीए असलेल्या अनेकांना ही गोष्ट नोकरीच्या जाहिरातीतच पहिल्यांदा कळते. त्यासाठी एमएसडब्ल्यू, एमएलएस (श्रम विज्ञानातली पदव्युत्तर पदवी), किंवा कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका (जिला सगळे डीएलएल अँड एलडब्ल्यू म्हणतात) या वाटा जुन्या आणि खात्रीच्या. परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था ही राज्य सरकारची संस्था एमएलएस चालवते. फी, दर्जा आणि कामगार कायद्याची बैठक, तिन्ही बाजूंनी ती विचारात घ्यावी अशी आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलांना तिचं नावही माहीत नसतं. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, कोल्हापुरात सायबर अशा ठिकाणी एमएसडब्ल्यू करता येतं. आमच्या पिढीत पुणे विद्यापीठाची एमपीएम (कर्मचारी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) हीच एचआरची पदवी मानली जायची, अजूनही अनेक प्लांट हेडच्या दारावरच्या पाटीवर ती दिसेल.

मोठ्या कंपन्यांच्या थेट मॅनेजमेंट ट्रेनी योजनेत जायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा जमशेदपूरचं एक्सएलआरआय ही पहिली नावं. पहिली १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाली, दुसरी १९४९ मध्ये. तिथली स्पर्धा मोठी आहे आणि तयारीला वर्ष जातं. बाकी एमबीएसाठी राज्याची सीईटी आहेच.

माझं मत विचाराल तर: पदवी कुठलीही घ्या, नोकरी लागल्यावर दोन-तीन वर्षांनी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कामगार कायद्याची पदविका करा. तोपर्यंत तुम्ही खऱ्या नोटिसा आणि खरी भांडणं पाहिलेली असतात, त्यामुळे प्रत्येक कलमाला एक चेहरा मिळतो. शक्य असेल त्यांनी एलएलबीही करावी.

माझं कॉलेज नामांकित नाही आणि इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. शॉप फ्लोअरवर मराठी चालते, हिंदी लागते आणि ईमेलपुरतं स्वच्छ इंग्रजी वर्षभरात येतं. बोलीत बोलता येणं ही तर तुमची जमेची बाजू आहे. परभणीच्या मुलाला परभणीच्या बोलीत समजावलं की तो ऐकतो. मात्र पुढे सीनियर मॅनेजरच्या पुढे जायचं तर इंग्रजीत मुद्दा मांडता यायलाच हवा, त्याला पर्याय नाही. रोज एक पान लिहा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या.

पहिली नोकरी कोणत्या विभागात घ्यावी?

टाईम ऑफिस. मुलं नाक मुरडतात, त्यांना भरती किंवा प्रशिक्षण हवं असतं. पण हजेरी, रजा, ओव्हरटाईम आणि पगार या चार गोष्टी ज्याला हाताने करता येतात, त्याला पुढे कुणी फसवू शकत नाही. ना ठेकेदार, ना सॉफ्टवेअर, ना वरिष्ठ.

एक प्रसंग सांगते. माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या एका ऑपरेटरचा घरी जाताना अपघातात मृत्यू झाला. त्याच्या पत्नीला पीएफ, पेन्शन आणि विम्याची रक्कम मिळायला हवी होती. पीएफशी जोडलेला हा विमा कामगाराच्या खिशातून एक रुपयाही न घेता मिळतो, आज त्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे. पण कंपनीच्या नोंदीत त्याचं नाव एका प्रकारे होतं, बँकेत दुसऱ्या, आणि वारस म्हणून लग्नाआधी लिहिलेलं आईचं नाव तसंच राहिलेलं. ती बाई तान्हं मूल कडेवर घेऊन किती वेळा आमच्या गेटवर आली ते मला अजून आठवतं. चूक कुणा एकाची नव्हती, पण ती दुरुस्त करण्याचं काम माझ्या टेबलाचं होतं आणि मी ते आधी केलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाच्या आधार, बँक आणि पीएफमधल्या नावाचं अक्षर न् अक्षर जुळवून घेते आणि दरवर्षी खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात वारस नोंदीचा टेबल कँटीनबाहेर मांडते. मशीनची पूजा होते, तशी कागदांचीही झाडलोट व्हावी म्हणून. लग्न झालं, मूल झालं, कुणी गेलं, ते तिथेच बदलून टाकायचं. नव्या मुलांना मी हेच काम पहिल्यांदा देते.

पदांच्या पायऱ्या कशा असतात? मॅनेजर व्हायला किती वर्षं लागतात?

ट्रेनी किंवा ऑफिस असिस्टंट, मग एक्झिक्युटिव्ह, सीनियर एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, मॅनेजर. त्यापुढे प्लांट एचआर हेड, मग अनेक प्लांट मिळून एक हेड, आणि सगळ्यात वर सीएचआरओ, म्हणजे कंपनीचा मुख्य एचआर अधिकारी. कंपनीगणिक नावं बदलतात. मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या २०० माणसांच्या व्हेंडर कंपनीतला मॅनेजर आणि ३,००० माणसांच्या मोठ्या प्लांटमधला एक्झिक्युटिव्ह यांच्या जबाबदारीची तुलना पदनामावरून करू नका. साधारण आठ ते बारा वर्षांत बरेच जण मॅनेजर होतात, लहान कंपनीत त्याआधीही.

लहान कंपनीत सगळं एकट्याने करावं लागतं, त्यामुळे शिकणं झपाट्याने होतं. मोठ्या कंपनीत पद्धत आणि शिस्त कळते. कारकिर्दीत दोन्ही अनुभव हवेत, शक्यतो मोठीचा आधी.

आणि फक्त वरच चढायचं असंही नाही. वेतन आणि लाभ, प्रशिक्षण, औद्योगिक संबंध यांतल्या एकातच खोल जाणारी माणसं उत्तम कमावतात आणि शांत झोपतात.

पगार किती मिळतो?

शहर, उद्योग, कंपनीचा आकार आणि तुमचं कॉलेज यांवर इतका फरक पडतो की एक आकडा सांगणं दिशाभूल करणारं ठरेल. ऑफर हातात आली की सीटीसीच्या (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) मोठ्या आकड्याकडे न बघता महिन्याला हातात किती येणार, त्यातला मूळ पगार किती आणि ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम) सीटीसीत धरली आहे का, हे विचारा. एचआरमध्ये येणाऱ्याला स्वतःचं ऑफर लेटर वाचता येत नसेल तर तो इतरांना काय समजावणार!

कायदे किती पाठ हवेत? आता तर कामगार कायद्यांच्या चार नवीन संहिता आल्या आहेत.

पाठ नकोत, हाताशी हवेत. वेतन संहिता २०१९ ची आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, व्यावसायिक सुरक्षा या तीन २०२० च्या. चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. २९ केंद्रीय कामगार कायदे त्यांत सामावले गेले. प्लांट एचआरच्या रोजच्या कामात त्यामुळे पडलेले फरक लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावंच लागतं. वेतनाची व्याख्या एक झाली: वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनात धरली जाते, म्हणजे मूळ पगार किरकोळ ठेवून भत्त्यांचा फुगा करण्याची जुनी युक्ती संपली. याचं मी स्वागत करते. निवृत्तीच्या दिवशी कामगाराच्या हातात तुटपुंजी ग्रॅच्युइटी पडलेली मी पाहिली आहे आणि तिचं कारण बहुतेक वेळा तोच फुगा असे. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता करायचा आहे, तेव्हा पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर फुल अँड फायनल करण्याची सवय मोडा. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. वेल्फेअर ऑफिसरची मर्यादा ५०० वरून २५० कामगारांवर आली. म्हणजे या पदाला मागणी वाढणार, हे विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावं. दुसरीकडे स्थायी आदेशांची (कारखान्यातल्या सेवाशर्तींचे लेखी नियम) आणि कामगारकपातीच्या परवानगीची मर्यादा ३०० कामगारांची झाली. त्याखालच्या कारखान्यांत कामगाराचं संरक्षण कमी झालं. तिथे एचआरची स्वतःची नीती जास्त महत्त्वाची ठरते.

जुने आकडे आणि जुनी भाषा मात्र लगेच जाणार नाही. वकील आणि युनियनचे पुढारी अजून ‘बारा-तीनचा करार’ (सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार), ‘यूएलपी टाकली’ (अनुचित प्रथेची तक्रार केली) असंच बोलतात. दुसऱ्या शब्दामागे महाराष्ट्राचा १९७१ चा युनियन मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. ही परिभाषा कळली नाही तर बैठकीत गप्प बसावं लागेल.

कामगार सगळ्यात जास्त काय विचारतात?

“मॅडम, मला ग्रॅच्युइटी किती मिळेल?” हा प्रश्न मी हजारदा ऐकला असेन. शेवटचं वेतन (मूळ पगार, महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर ती वरची रक्कम), त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणा. २६,००० रुपये आणि १० वर्षं असतील तर १,५०,००० रुपये. माणसासमोर कागदावर आकडा मांडून दाखवा. ‘सिस्टीममध्ये बघून सांगतो’ म्हणालात की विश्वास तिथेच उणा होतो.

दुसरा प्रश्न बोनसचा. किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत, म्हणजे नोव्हेंबरअखेर तो द्यायचा असतो. आपल्याकडे दिवाळीआधी देतात, कारण दिवाळीनंतर मिळालेल्या बोनसला घरात किंमत नसते. तिसरा, ईएसआयचं (कामगार राज्य विमा योजनेतल्या उपचारांचं) कार्ड का बंद झालं. बहुतेकदा पगारवाढीने २१,००० ची मर्यादा ओलांडलेली असते. पगारवाढीचं पत्र देतानाच हे सांगा आणि मेडिक्लेमची सोय त्याच दिवशी करा. बायकोच्या बाळंतपणाच्या तोंडावर कुणाला हे कळू नये.

शेवटी एचआर कुणाच्या बाजूचा? व्यवस्थापनाच्याच ना?

पगार व्यवस्थापन देतं आणि सही व्यवस्थापनाच्या वतीने होते. हे लपवू नये. कामगारालाही ते माहीत असतं. तो तुमच्याकडून एवढंच मागतो की तुम्ही त्याचं म्हणणं वर जसंच्या तसं न्यावं आणि वरचं उत्तर त्याला जसंच्या तसं सांगावं. माझ्या अनुभवात एचआरची अब्रू जाते ती ‘नाही’ म्हटल्याने जात नाही. ‘बघू’, ‘वर पाठवलंय’, ‘पुढच्या महिन्यात’ अशा उत्तरांनी जाते. मी एकदा रात्रपाळीच्या भत्त्याबद्दल तीन महिने ‘बघू’ म्हणत राहिले. निर्णय पहिल्याच आठवड्यात ‘नाही’ असा झालेला होता, मला सांगायची हिंमत होत नव्हती. तो कळल्यावर एक ज्येष्ठ कामगार मला म्हणाला, “ताई, तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात तर आम्ही दुसरं काही मागितलं असतं.” त्या वाक्याने मला जे शिकवलं ते कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नाही. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे: कुणी काय विचारलं, मी कधीपर्यंत उत्तर देईन म्हणाले आणि दिलं का. त्या वहीत उत्तर ‘नाही’ असलं तरी तारीख पाळलेली असते.

वरही तेवढंच स्पष्ट बोलावं लागतं. एखादी गोष्ट बेकायदेशीर असेल तर ती लेखी कळवा, पर्याय सुचवा. आणि पर्याय देऊनही तेच करायला सांगितलं तर नोकरी बदला. दुसरी नोकरी मिळते.

युनियनशी बोलणी कशी करतात?

पगारवाढीचा करार साधारण तीन वर्षांचा असतो. जुना संपायच्या आधी युनियन मागणीपत्र देते. त्यात पगारवाढीपासून मुलांच्या शिक्षणाच्या मदतीपर्यंत पन्नासेक मागण्या असतात. त्यांतल्या खऱ्या पाच-सहा कोणत्या, हे ओळखणं म्हणजे अर्धी लढाई. ते मागणीपत्र वाचून कळत नाही, वर्षभर कँटीनमध्ये बसलेल्यालाच कळतं.

बोलणीला जाताना आकडे घेऊन जा: शेजारच्या कारखान्यांतले करार, महागाई, दर माणशी उत्पादन, मागच्या कराराचा खर्च. रक्कम ठरल्यावर ती तीन वर्षांत कशी वाटायची, मूळ पगारात किती, भत्त्यात किती, आधीच्या महिन्यांचा फरक कधी देणार, उत्पादनाची अट कशी लिहायची, यावर महिने जातात. करार मराठीत करा. इंग्रजी मसुद्यावर सह्या घेऊन नंतर त्याचे अर्थ लावत बसणं हे भांडणाला आमंत्रण आहे. दोन्ही बाजूंनी आपसात केलेला करार आणि समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार यांत मोठा फरक असतो: पहिला सही करणाऱ्या पक्षांना बांधतो, दुसरा कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना. जुन्या कायद्यातल्या १८(१) आणि १२(३) या कलमांवरून पहिल्याला ‘अठरा-एकचा’ आणि दुसऱ्याला ‘बारा-तीनचा’ करार म्हणतात.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले. मान्यताप्राप्त युनियन वेगळी आणि कामगारांचा विश्वास दुसऱ्यावर, ही त्या संपामागची एक मोठी गाठ होती. गिरणगावाचं पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. नव्या संहितेत ५१ टक्के पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी करणारी ठरते. पण कागदावरच्या टक्क्यांपलीकडे माणसं कुणाचं ऐकतात, याचं भान एचआरला नसेल तर तीच गाठ पुन्हा बसते.

कुणाला कामावरून काढायची वेळ आली तर?

आरोपपत्र नेमकं लिहा: तारीख, वेळ, जागा, काय घडलं. ‘गैरवर्तन केले’ एवढंच लिहिलेलं आरोपपत्र टिकत नाही. खुलाशाला वेळ द्या. चौकशी अधिकारी त्या प्रकरणाशी संबंध नसलेला असू द्या. कामकाज कामगाराला कळेल त्या भाषेत चालवा, त्याला आपला प्रतिनिधी आणू द्या आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ द्या. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता आणि कामगाराच्या दोषाविना चौकशी लांबली तर पुढे ७५ टक्के. निष्कर्षानंतर शिक्षा ठरवण्याआधी त्याची जुनी सेवा पाहा.

चौकशीत माणूस निर्दोष निघाला तर त्याला सन्मानाने परत घ्या आणि सुपरवायझरला समोर बोलावून तसं सांगा. हे फार थोडे करतात.

पॉश समितीत एचआरची भूमिका काय?

पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याचा कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून २०१३ चा हा कायदा आला. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची आणि चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. एचआरने समितीला जागा, वेळ आणि गुप्तता द्यावी आणि निष्कर्षात नाक खुपसू नये. समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर मराठीत आणि हिंदीत लावा, कंत्राटी सफाई कामगार बायकांनाही ती वाचून दाखवा. त्यांना बहुतेक ठिकाणी समिती आहे हेच ठाऊक नसतं.

कंत्राटी कामगार ठेकेदाराचे. त्यांची काळजी एचआरने का करायची?

कारण ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो. पाणी, स्वच्छतागृह, कँटीन यांची जबाबदारीही मूळ मालकाचीच. दर महिन्याला ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयचं चलन माणसांच्या नावांसकट तपासा. एकदा तपासणीत मला बारा नावं सापडली, ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जात होता आणि खात्यात एक पैसाही जमा नव्हता. ठेकेदार बदलला, पैसे वसूल झाले. पण मी तपासलं नसतं तर? तीच माणसं, तोच युनिफॉर्म, तीच लाईन. कायदा वेगळा म्हणाला तरी जेवणाच्या रांगेत त्यांना वेगळं उभं करू नका.

मुलींनी कारखान्यातल्या एचआरमध्ये यावं का?

जरूर यावं. मी आले तेव्हा आमच्या प्लांटला महिलांसाठी धड स्वच्छतागृह नव्हतं, माझ्या पहिल्या वर्षातली पहिली मंजूर फाईल तीच. आता असेंब्ली लाईनवर मोठ्या संख्येने मुली आहेत. संहितेनुसार त्यांची संमती असेल तर संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ आधीही त्या काम करू शकतात, सुरक्षेची जबाबदारी मालकाची. ‘संमती’ या शब्दावर पहारा ठेवायला तिथे एक बाई असणं फार गरजेचं आहे. बस घरापर्यंत जाते का, चौकात सोडते का, हे पुरुष सहकारी विचारतीलच असं नाही.

सुरुवातीला युनियनचे लोक तुमच्याऐवजी शेजारच्या पुरुषाकडे बघून बोलतील. उत्तर तुम्हीच देत राहा. दोन करारांनंतर ते तुमच्याकडे बघू लागतात.

कारखान्यातून आयटीत किंवा आयटीतून कारखान्यात जाता येतं का?

येतं, पहिल्या सहा-सात वर्षांत सोपं जातं. आयटीत भरतीचा वेग, कौशल्यांचा नकाशा, सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण हे विषय मोठे. कारखान्यात कायदा, युनियन, सुरक्षा. भरती आणि हजेरीची बरीच कारकुनी कामं आता सॉफ्टवेअर करतं, ते शिकून घ्या.

पन्नाशीनंतर या क्षेत्रात काय करता येतं?

बरंच. स्वतंत्र चौकशी अधिकारी, लहान कारखान्यांचे कामगार कायदा सल्लागार, पॉश समितीच्या बाहेरच्या सदस्य (त्यासाठी सामाजिक संस्थेशी जोडलेलं किंवा लैंगिक छळाच्या प्रश्नाची जाण असलेलं असावं लागतं), एमएसडब्ल्यूच्या कॉलेजात शिकवणं. माझे एक जुने वरिष्ठ निवृत्तीनंतर दर शनिवारी आपल्या तालुक्याच्या गावी बसतात आणि गावातल्या निवृत्त कामगारांचे अडकलेले पीएफ-पेन्शनचे अर्ज भरून देतात, फी न घेता. मागच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले होते. ओट्यावर सोळा माणसं बसलेली होती, आणि नेहमीप्रमाणे निम्म्यांची अडचण एकच होती, नावातलं एक अक्षर.